याडीच्या गळ्यात पडले तेव्हा

आधी तिचं सांगते, मग माझं. घाटंजीच्या पुढे, कापसाच्या वावरांना लागून बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. त्या तांड्यात नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घराला लागून एक कुडाचं घर आहे, आणि त्या घरात एक बाई राहते. तिला मी याडी म्हणते. त्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. आज मी दवाखान्यात कामाला आहे, दोन वेळचं पोटभर जेवते, अंगावर धुतलेली पांढरी साडी असते, बायका मला हाक मारून जवळ बोलावतात, ते सगळं तिच्यामुळे. देवाचे आभार मी सकाळ-संध्याकाळ मानते. पण त्याने मदत पाठवली ती घागरा नेसून, हातभर पांढऱ्या बांगड्या घालून आली, हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं मला बरं वाटत नाही.

माझं गाव कुलाबा जिल्ह्यात, खाडीच्या काठी. वडील होडीवर जायचे. मी चौथीत असताना आई गेली आणि चूल माझ्याकडे आली, म्हणून शाळा सुटली. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा चूलही माझ्याकडून गेली. नवी आई वाईट नव्हती. पण तिच्या घरात मी म्हणजे दाराआड ठेवलेली जुनी वल्ही. टाकवत नाही आणि लागतही नाही. आम्ही ख्रिस्ती; आमच्या देवळातल्या पाळकसाहेबांनी माझ्यासाठी शब्द टाकला. यवतमाळकडच्या एका मिशन दवाखान्याची माणसं हिवाळ्यात बैलगाडीने गावोगाव फिरतात, तंबू टाकतात, औषध देतात, सुवार्ता सांगतात. त्यांना स्वयंपाकाला ख्रिस्ती मुलगी हवी होती.

यवतमाळ तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात आलेलं. मला वाटलं, आपल्याच राज्यात जायचंय, त्यात काय एवढं! आगगाडीच्या खिडकीतून बघत होते. पाणी येईल, मग पाणी येईल. नदी आली तीही वाळूची. गाडीतून उतरले तर अंगाला घाम नाही, हवेला वास नाही, ओठ मात्र फुटायला लागलेले. कुणी सांगितलं असतं की इथली माणसं माती पिऊन जगतात, तर त्या दिवशी मी ते खरं मानलं असतं.

आमच्या मेळ्यात आम्ही चौघं होतो. नर्सबाई मुख्य. त्या नगरकडच्या, उंच, आवाज खणखणीत. उपदेशककाका मूळचे शेतकरी, साठीला आलेले, मनाने लोण्यासारखे, पण भारी घाईचे. कुणी नुसतं "प्रार्थना" म्हणायचा अवकाश, की यांचे डोळे मिटलेले आणि टोपी हातात. तिसरा बंडीवाला. इकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. तो घाटंजीचा कुणबी. सुवार्तेशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, बैल त्याचे होते आणि जीभही त्याची होती. चौथी मी.

पहिल्याच दिवशी नर्सबाई मला म्हणाल्या, "हे बघ मुली, हा हिवाळा बघते. जमलं तर दवाखान्यात कायमची ठेवून घेईन. नाही जमलं तर उन्हाळ्याच्या आत गाडीत बसवून देईन. रागावून नाही हं, पण देईन."

त्यांनी ते सरळपणे सांगितलं. परत जायचं म्हणजे दाराआड उभं राहायचं. तेव्हापासून मी मीठ चाखलं की पुन्हा चाखायची, आणि पुन्हा चाखलं की खारट तर झालं नाही ना म्हणून पाणी घालायची.

आणि झालं काय, तर पहिल्याच मुक्कामाला भाकरीने मला उघडं पाडलं. आमच्याकडे भाकरी तांदळाची. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, मळायची, थापायची. इथे हातात ज्वारीचं पीठ आलं. मी त्याचीही तशीच उकड काढली. तिची झाली खळ. तव्याला चिकटली, उलथताना फाटली, कडेने जळली, मध्ये कच्ची राहिली. बंडीवाल्याने त्याच्या ताटातला तुकडा उचलून उजेडात धरला.

"काय वो बाई, हे भाकर होय का मुंबई राज्याचा नकाशा? हा पाहा, इकडून गुजरात फाटून राह्यला!"

उपदेशककाका म्हणाले, "चव चांगली आहे हो." आणि तो एक घास ते किती वेळ चावत बसले. नर्सबाई ताट सारून उठल्या. हात धुताना एवढंच म्हणाल्या, "उद्या नीट व्हायला हवी. पोटात अन्न नसेल तर मी दिवसभर लोकांची गळवं कापायची कशी?"

दुसरा मुक्काम तांड्याजवळ होता. चिंचेखाली तंबू ठोकला. तांड्यातली माणसं लांबून बघत होती, जवळ कुणी येईना. औषधाची पेटी उघडून नर्सबाई बसून राहिल्या. मी तंबूमागे तीन दगड मांडले, परातीत पीठ घेतलं आणि त्या पिठाकडे बघत बसले. हात घालायची हिंमत होईना.

कुणीतरी समोर येऊन बसलं. मी मान वर केली आणि दचकले. आरशाच्या भिंगांचा घागरा, कोपरापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कानांपुढे केसांत गुंफलेली लोंबती चांदी. असं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. काखेत एक वर्षा-दीड वर्षाचं पोर, खोकून खोकून लाल झालेलं. ती औषधालाच आली होती. पण आधी माझ्या परातीकडे बघत होती.

"पिठाकडं काहून पाहून राह्यली? ते काय बोलते तुले?"

मी म्हटलं, "मला येत नाही."

"काय येत नाई?"

"भाकर."

तिने पोर माझ्या मांडीवर ठेवलं. विचारलं नाही, नुसतं ठेवलं. बाह्या नव्हत्याच सारायला. बांगड्याच वर ढकलल्या आणि परात ओढून घेतली. गरम पाणी थोडं थोडं घालत तळव्याच्या टाचेने पीठ रगडलं. किती रगडलं! मला वाटलं ही विसरली की काय. मग गोळा घेऊन दोन्ही हातांत थापटायला लागली. पऱ्हाटीच्या जाळावर, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या जाळावर, तवा तापला होता. भाकर पडली, उलटली, निखाऱ्याला लावली आणि टम्म फुगली. माझ्या मांडीवरचं पोरगं खोकता खोकता हसलं.

"आता तू," ती म्हणाली आणि पोर उचलून घेतलं.

माझी पहिली फाटली. तिने ती फाटकीच निखाऱ्यावर भाजली आणि स्वतः खाल्ली. मला तिने कमरेची पुरचुंडी सोडून त्यातला हिरवा गोळा काढून दिला. मला वाटलं चटणी. आमच्याकडे हिरवी चटणी म्हणजे खोबरं-कोथिंबीर. मी चांगला घसघशीत घास लावला आणि तोंडात टाकला.

तो ठेचा होता. पुढचं काही वेळ मला नीट आठवत नाही. कानांतून वारं गेलं, डोळे पाझरले, मी उठून उगाच तंबूभोवती फिरले. ती हसून हसून मागे कलंडली. मग पळत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली आणि माझ्या तोंडात कोंबला.

"कोन्या मुलखाची होय वो तू? मिरची नाई माईत?"

अशी आमची ओळख झाली. त्या पोराला नर्सबाईंनी औषध दिलं; ते तिच्या मुलाचं मूल होतं. दुसऱ्या दिवशी खोकला ढिला झाला आणि मग तांड्यातल्या बायका येऊ लागल्या. त्या आल्या म्हणून नर्सबाई खूश होत्या, पण मी भाकऱ्या मोजून बघायची, आज किती धड निघाल्या. याडी रोज यायची. दुपारी मेळा दुसऱ्या वस्तीवर गेला की मी तिच्या घरी जायची. तिने मला अंबाडीची भाजी खाऊ घातली, कोवळ्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून दिल्या, जवसाची चटणी दिली. भाकरीला ती बाटी म्हणायची. "आव, बेस," म्हणायची, म्हणजे ये, बस. आणि बसलं की प्रश्न.

"तुया गावाले काय पिकते?"

"भात. आणि समुद्र आहे."

"समुद्रात काय होते?"

"मासळी."

"अन् पानी?"

"पाणी खूप. दिसेल तिथपर्यंत पाणी. पण खारट. पिता येत नाही."

तिने शेजारणीला हाक मारली आणि तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं. दोघी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. "एवढं पानी, अन् पेता येत नाई! गोड पोट्टी हाय, पन खोटं लय बोलते."

एकदा तिने विचारलं, तुझी माय कुठे आहे. मी सांगितलं. तिने मला पुढ्यात ओढून बसवलं. माझ्या केसांत तेल घातलं, इतकं घातलं की नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी उशीची खोळ धुवायला लावली. आमचा तंबू हलला तेव्हा तिने माझ्या पदरात ज्वारीच्या लाह्या बांधल्या आणि म्हणाली, "हे तुयं माहेर समज." माणसं निरोप देताना असं म्हणतात. मी मान डोलावली आणि बंडीत चढले.

पुढे आम्ही बाभुळगावच्या बाजूला फिरलो, नाताळ एका वस्तीवर चिंध्यांच्या तारका लावून केला. माझ्या भाकऱ्या आता फुगत होत्या. बंडीवाला म्हणाला, "आता राज्य सांदलं." तरी नर्सबाईंच्या तोंडून हो नाही की नाही नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "भाकरी करणारी मला इथलीही कुणी मिळेल. बघू." मी त्या रात्री देवाकडे काय काय मागितलं ते इथे लिहीत नाही. सगळं मागितलं.

संक्रांत झाल्यावर परतीच्या वाटेवर पुन्हा तो तांडा लागला. दिवस कलायला आला होता. बंडी चिंचेखाली थांबली, मी आधी उतरले. तांड्याच्या तोंडाशी याडी दिसली. मी हात वर केला. तिने डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि माझ्याकडे धावत सुटली. मला वाटलं, हसेल, "आव, बेस" म्हणेल. तिने दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, ओढणी आम्हा दोघींच्या डोक्यांवर ओढली, आणि हंबरडा फोडला.

 तो साधा रडण्याचा आवाज नव्हता. लांब, वर चढत जाणारा, मग तुटून खाली येणारा; मध्ये शब्द, पुन्हा हुंदका, पुन्हा सूर. तिच्या छातीचं धडधडणं मला माझ्या छातीत लागत होतं. घराघरांतून आणखी बायका आल्या आणि बाजूला उभ्या राहून त्याही डोळ्यांना पदर लावू लागल्या. ओढणीखाली अंधार, आणि माझ्या मनात एकच गोष्ट: ते पोर गेलं.

मागून नर्सबाईंचा आवाज ऐकला. एरवीचा खणखणीत आवाज, पण त्या दिवशी मी तो ओळखला नाही. "बाळ गेलं का? अगं, मी दिलेलं औषध... बाळ गेलं का?"

एवढं उपदेशककाकांना पुरे होतं. बंडीतून उतरून त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि आम्ही कबरस्तानात म्हणतो ते गीत सुरू केलं. त्यांचा आवाज मोठा आणि भरीव. नर्सबाईंनी रडत रडत दुसरी ओळ उचलली. एका बाजूला ते गीत, एका बाजूला याडीचा सूर, मध्ये मी, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिलेला.

मग हळूहळू बायकांचं रडणं थांबलं. याडीही थांबली. तिने ओढणी बाजूला केली आणि काकांकडे बघितलं. सगळा तांडा काकांकडे बघत होता. आणि घराच्या उंबऱ्यावरून, बोराचा गर तोंडाभोवती माखून, ते पोर आपल्या पायांनी दुडदुडत बाहेर आलं.

नर्सबाई मटकन बंडीच्या दांडीवर बसल्या.

काका अजून डोळे मिटून गात होते. बंडीवाल्याने त्यांचा दंड धरून हलवला. "ओ काका! बंद करा! कोनी मेलं नाई!"

"मग ही का रडते?"

"अवो, पोरगी घरी आली म्हून रडून राह्यली! यांयची रीतच हाय तशी. लेक माहेरी आली का गळ्यात पडून रडा लागते. जेवढं प्रेम तेवढं रडनं. अन् तुमी वरून मातीचं गानं म्हनून दिलं!"

त्या क्षणी मला कळलं, आणि मी थिजले. लेक म्हणजे मी. माहेर समज, ते तिने निरोपापुरतं म्हटलं नव्हतं.

पण आता त्याला उशीर झाला होता. नायक बाहेर आला. मोठं पागोटं, पांढऱ्या मिश्या. गीताचे शब्द त्याला कळले नसतील, पण कुठलं गीत कशाला म्हणतात ते माणसाला सुरावरून कळतं. तो शांतपणे बोलला, म्हणून जास्त भीती वाटली.

"आमच्या घरी जित्ती मानसं हायेत. लहान लेकरू हाय. तुमी तांड्याच्या तोंडाशी मरनाचं गानं कायले म्हनलं?"

काका हात जोडून म्हणाले, "चूक झाली हो नायकबावा. आम्हाला वाटलं..."

"वाटलं ते वाटलं. आता इथं तंबू नोको. औसद नोको. पुढं जा."

नर्सबाई उठल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी आजही विसरत नाही. रागाची नव्हती. थकलेली होती. हिवाळाभर लोक औषधाला यावेत म्हणून त्या झिजल्या होत्या, आणि ते सगळं माझ्या गळ्यातल्या दोन हातांमुळे पाण्यात चाललं होतं. हळूच म्हणाल्या, "चल मुली, सामान ठेव बंडीत." मला ऐकू आलं ते असं: सामान ठेव आगगाडीत.

तेवढ्यात बायकांतली एक म्हातारी पुढे आली. याडीला तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. याडीचा चेहरा उतरला. मी बंडीवाल्याला विचारलं, काय म्हणते ती?

तो माझ्या कानाशी आला. नेहमी चेष्टा करणारा माणूस, पण तेव्हा घाबरलेला होता. "ते म्हनते, हे पोरगी रडली कुठं? माय रडली अन् लेक उभीच राह्यली, मंग ते लेक कशाची. बाई, रडा! वापस रडा! नाई रडल्या तं तुमी पाव्हन्या, अन् पाव्हन्याले जा म्हनता येते. रडल्या तं तांड्याची पोट्टी. पोट्टीले अन् तिच्या मानसांयले कोनी हाकलत नाई!"

मला रडू येईना.

हे कसं सांगू? आई गेली तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, विश्वासणाऱ्यांनी ऊर बडवून रडू नये. मी रडले नाही. देवळातल्या बायका मला शाबास म्हणाल्या. लहान पोर, पण किती धीराची! ती शाबासकी मी इतकी वर्षं अंगावर घालून फिरत होते. आता समोर काका उभे, नर्सबाई उभ्या, ज्यांच्या हातात माझं राहणं-जाणं; त्यांच्यासमोर रस्त्यात गळा काढला तर ते काय म्हणतील, ही कसली ख्रिस्ती मुलगी! आणि नाही काढला तर समोर ही बाई उभी, सगळ्या तांड्यासमोर तोंडघशी पडलेली, कारण तिने एका परक्या पोरीला लेक म्हटलं.

मी तिच्याकडे बघितलं.  तिने ओढणीचं टोक पुन्हा थोडं वर धरलं, जसं कुणी दार थोडं उघडं धरतं.

मी तिच्या गळ्यात पडले. आधी नुसता आवाज काढला, खोटा. माझा मलाच लाजिरवाणा वाटला. तिने माझी पाठ धरली आणि सूर लावला, आणि तिच्या सुरामागे माझा सूर गेला, आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "आये गो," मी म्हणाले, "मना टाकून गेलीस गो!" आमच्या खाडीकाठची बोली, तिथे कुणालाच न कळणारी. होडीतून मातीला नेलेली आई, शाळेची पाटी, दाराआडची जागा, आगगाडी, वाळूची नदी, सगळं सुरात निघालं. मी थांबायची, तेव्हा ती घ्यायची. ती थांबायची, तेव्हा मी. किती वेळ ते मला ठाऊक नाही. नंतर बंडीवाला म्हणाला, बैलं सोडून, वैरण टाकून झाली तरी तुमचं चालूच.

ओढणी दूर झाली तेव्हा माझं तोंड सुजलेलं होतं. म्हातारीने माझ्या गालांवरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. नायकाने मिशीवरून हात फिरवला.

"पोरगी आपली हाय," तो म्हणाला. मग काकांकडे बघून, "पन तुमी गानं विचारून म्हना, बावा."

मी नर्सबाईंकडे बघायचं टाळत होते. काका जवळ आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "रडलीस ते बरं केलंस मुली. प्रभूही मित्राच्या थडग्यापाशी रडला होता. मी कितीदा त्यावर उपदेश केला असेल! पण रडताना मी कुणाला पाहिलंच नव्हतं, टोपी काढून डोळे मिटून घ्यायचो."

त्या संध्याकाळी तांड्याने बकरा कापला. लेक आली की कापतात. आणि तिथे मला अजून एक हादरा बसायचा होता. याडीने माझ्यापुढे वाटी ठेवली, काळसर दाट रश्शाची, आणि म्हणाली, "सळोई. पहिली लेकीले." बंडीवाल्याने कानात सांगितलं, बकऱ्याच्या रक्ताची. माझा घास हातातच राहिला. आमच्या काकांच्या शिकवणीत रक्त वर्ज्य. काकांनी बघितलं, घसा खाकरला. आता पुन्हा काही मोडतं की काय, म्हणून मी घामाने भिजले.

मी याडीला खरं ते सांगितलं. आमच्यात हे खात नाहीत, मनाई आहे.

"देवाची मनाई?"

"हो."

तिने वाटी उचलून नातवाच्या बापापुढे सरकवली आणि माझ्या ताटात मटणाचे तुकडे वाढले. "मंग सांगाचं ना! आमच्या देवाच्या बी लय मनाया हायेत. काय रडून रडून बोलली, अन् हे नाई सांगितलं!" सगळे हसले. काका सर्वांत मोठ्याने हसले आणि त्यांनी बाटी मागून घेतली, एक नाही, तीन. त्या सगळ्या मी थापल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या पेटीपुढे बायकांची रांग लागली. शेजारच्या तांड्याहूनही आल्या. त्या आधी माझ्याकडे यायच्या, माझ्याशी बोलायच्या, आणि मग मी त्यांना नर्सबाईंकडे न्यायची. कुणाचं काय दुखतं ते त्यांना न सांगता मला सांगायच्या, आणि मी सांगायची. दुपारी नर्सबाई हात धूत होत्या. मी पाणी ओतत होते. म्हणाल्या, "स्वयंपाकघरात नाही ठेवणार तुला."

तांब्या माझ्या हातातून सुटायचाच बाकी होता.

"बायकांच्या वॉर्डात ठेवणार. तिथे या बाया येतात आणि घाबरून रातोरात निघून जातात. तू असलीस तर थांबतील. शिकशील का?"

मी म्हणाले, "शाळा चौथीपर्यंतच झालीय, बाई."

"मी विचारलं, शिकशील का?"

तेव्हापासून मी इथे आहे. मधल्या काळात राज्य पुन्हा बदललं, आता महाराष्ट्र झाला. बंडीवाल्याने नकाशाचं बोलणं सोडलेलं नाही. दर हिवाळ्यात मेळ्याबरोबर तांड्यावर जाते. याडी आणि मी आधी रडतो, मग बोलतो. नव्या नर्सा पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांची तोंडं पांढरी होतात, आणि मी कितीही आधी सांगून ठेवलं तरी होतातच.

या हिवाळ्यात गेले तेव्हा ती मला बघून धावली नाही. मी अगदी पुढ्यात जाईपर्यंत तिने ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. दोन्ही डोळ्यांत दुधासारखा पडदा आलाय. मोतीबिंदू. आमच्याकडे तो काढतात, मी कितीतरी बायांच्या उशाशी बसले आहे. पण ती ऐकत नाही.

"डोया फाडतेत म्हने तिथं."

"फाडत नाहीत, याडी. मी असते तिथे."

"तू असतं, पन सुरी कोनाच्या हाती असते? तुयाच हाती देतेत का?"

"नाही."

"मंग?"

मी तिला खूप समजावलं, ती हसत राहिली, चाचपडत माझ्यासाठी बाटी थापत राहिली, आणि एक तव्याच्या बाहेर पडली. ती मी उचलून खाल्ली.

मी घाई करणार नाही. पुढच्या हिवाळ्यात जाईन, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जाईन. एक दिवस तिला बंडीत घालून इथे आणीन. पट्टी बांधलेली असेल तोवर तिच्या खाटेशी मी बसेन, माझ्या हाताने तिला भरवेन, आणि पट्टी सुटेल त्या वेळी सगळ्यात आधी तिला मीच दिसेन. हे मी तिला कबूल केलं नाही, तिने करू दिलं नाही. म्हणून इथे लिहून कबूल करते.